सीलिॲकच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते तो आजार. त्याच्या रक्ततपासणीबद्दल प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे. काहींना रक्त अजून द्यायचं असतं, काहींच्या हातात रिपोर्ट पडलेला असतो. दुसऱ्यांची संख्या कितीतरी जास्त, आणि त्यांचे निम्मे प्रश्न रक्त देण्याआधी विचारले गेले असते तर पुढची धावपळ वाचली असती. तुम्ही पहिल्या गटातले असाल आणि घाईत असाल, तर आधी प्रश्न ५ वाचा. बाकीचं सवडीने.

१. या तपासणीत रक्तात नेमकं काय शोधतात?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पूर्ण पचत नाही, त्याचे काही तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं आपलंच एक एन्झाइम असतं. पेशीजालाची डागडुजी हे त्याचं एक नेहमीचं काम. हे एन्झाइम ग्लूटेनच्या तुकड्यात छोटासा रासायनिक बदल करतं, आणि विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाच्या प्रतिकारशक्तीला तो बदललेला तुकडा शत्रू वाटू लागतो. मग शरीर त्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी (प्रतिपिंडं) बनवतं. विचित्र भाग पुढेच आहे: तुकड्याला चिकटून बसलेल्या स्वतःच्या एन्झाइमविरुद्धही ते अँटिबॉडी बनवतं. या मारामारीत आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे रसांकुर झिजून सपाट होतात, आणि लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड नीट शोषलं जात नाही.

रक्तात शोधायच्या त्या याच अँटिबॉडी. म्हणजे ही तपासणी आतडं बघत नाही, आतड्यात चाललेल्या भांडणाचा बाहेर येणारा आवाज ऐकते. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

२. टीटीजी, ईएमए, डीजीपी, टोटल आयजीए... इतकी नावं. मी कोणती करायची?

पहिली तपासणी एकच: टीटीजी-आयजीए. वर सांगितलेल्या एन्झाइमविरुद्धच्या आयजीए प्रकारच्या अँटिबॉडी ती मोजते. तिच्यासोबत टोटल आयजीए, म्हणजे रक्तात आयजीए एकूण किती आहे ते, करायचं (का, ते प्रश्न ७ मध्ये). सुरुवातीला एवढं पुरतं. सगळं एकदम करणारी मोठी पॅनल दिसायला भारदस्त असतात, पण जितक्या जास्त तपासण्या तितकी एखादी उगाच पॉझिटिव्ह येण्याची शक्यता जास्त.

ईएमए, म्हणजे एंडोमायसियल अँटिबॉडी, ही पक्कं करण्याची तपासणी. माकडाच्या अन्ननलिकेचा किंवा माणसाच्या नाळेचा अतिशय पातळ काप काचपट्टीवर असतो. त्यावर तुमचं सीरम (रक्तातल्या पेशी वगळून उरणारा द्रव) घालतात, मग चमकणारा रंग जोडलेलं रसायन, आणि काचपट्टी अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली जाते. पॉझिटिव्ह असेल तर स्नायूंच्या तंतूंभोवती मधाच्या पोळ्यासारखी हिरवी जाळी उजळते. जाळी स्पष्ट असली की मनात शंका राहत नाही. फिकी असली की मात्र दोन अनुभवी माणसं दोन मतं देऊ शकतात, कारण इथे आकडा मशीन देत नाही, डोळा देतो. रिपोर्टही '१:१०', '१:८०' असा, म्हणजे सीरम किती पातळ करेपर्यंत जाळी दिसत राहिली ते सांगणारा. ईएमए खोटी पॉझिटिव्ह क्वचितच येते, म्हणून तिचा शब्द वजनदार.

गंमत म्हणजे ईएमए आधी आली आणि तिचं कारण नंतर सापडलं. जाळीत नेमकं काय चमकतंय हे १९९७ साली बर्लिनमधल्या डीटलेफ शुप्पान यांच्या गटाने दाखवलं: टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज. म्हणजे ईएमए आणि टीटीजी एकाच अँटिबॉडीला दोन खिडक्यांतून बघतात. टीटीजी मशीनवर भराभर होते, म्हणून ती पहिली.

डीजीपी म्हणजे बदललेल्या ग्लूटेनच्या तुकड्याविरुद्धच्या अँटिबॉडी. तिचा खरा उपयोग प्रश्न ८ मधल्या लोकांना.

३. मला जुलाब होत नाहीत, वजनही उतरलेलं नाही. मग डॉक्टरांनी ही तपासणी का लिहिली?

सीलिॲक म्हणजे जुलाब आणि हाडं दिसणारं मूल, हे चित्र जुनं झालं. गोळ्या घेऊनही न हटणारा लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया, वयाच्या मानाने ठिसूळ हाडं, न वाढणारी उंची, उशिरा येणारी पाळी, वारंवार तोंड येणं, दातांच्या इनॅमलमधले खड्डे, कारण न सापडलेले वाढलेले लिव्हर एन्झाइम, वंध्यत्व, इतकंच काय बद्धकोष्ठसुद्धा, यांपैकी काहीही पहिलं लक्षण असू शकतं. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार, डाउन सिंड्रोम किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्यांत तर काहीच त्रास नसतानाही तपासणी करतात. सर्वसाधारण लोकसंख्येत हा आजार साधारण शंभरात एकाला असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ता नसतो.

४. उपाशीपोटी जावं लागतं का? चालू औषधं बंद करायची का?

उपाशी राहायची गरज नाही. दिवसाची कोणतीही वेळ चालते. औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. फक्त स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं काही चालू असेल तर ते डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, कारण अशा औषधांनी अँटिबॉडी कमी होऊन रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

५. संशय आला म्हणून मी तीन महिन्यांपूर्वीच गहू सोडला आणि बरं वाटतंय. आता रक्त दिलं तर चालेल का?

देता येईल, पण निगेटिव्ह आलं तर त्याचा अर्थ काहीच लागणार नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून सर्वांत जास्त हिरमोड करणाराही.

ग्लूटेन थांबलं की भांडण थांबतं, आणि आवाज हळूहळू विरतो. अँटिबॉडी काही आठवड्यांत घसरायला लागतात. किती वेगाने, ते सुरुवातीला किती होत्या त्यावर. मुळात जेमतेम वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांत नॉर्मल होऊन बसू शकतो. मग रिपोर्ट निगेटिव्ह दिसतो, आणि समोर दोन सारख्याच शक्यता उभ्या राहतात: आजार कधी नव्हताच, किंवा आजार आहे पण पथ्याने झाकला गेलाय. कागदाकडे कितीही बघितलं तरी त्यातली खरी कोणती हे ओळखता येत नाही.

'बरं वाटतंय' हा पुरावा धरता येत नाही का? दुर्दैवाने नाही. गहू सोडल्यावर सीलिॲक नसलेल्या अनेकांनाही बरं वाटतं. गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकाने पोट फुगणारे लोक बरेच आहेत, त्यांचा ग्लूटेनशी संबंधही नसतो. आणि फरक महत्त्वाचा आहे. सीलिॲक असेल तर पथ्य जन्मभराचं आणि कणभरही सूट नसलेलं. नसेल तर ते ओझं उगाच वाहायचं कशाला?

म्हणून क्रम असा: आधी रक्त, लागली तर बायोप्सी (आतड्याच्या अस्तराचे छोटे तुकडे काढून तपासणं), आणि त्यानंतरच पथ्य. रक्त पॉझिटिव्ह आल्यावर बायोप्सीची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली, तर ते दोन आठवडेही गहू चालूच ठेवायचा. रिपोर्ट बघून घाबरून त्याच रात्री गहू बंद करणारे खूप आहेत.

पथ्य दोन-चार दिवसांचंच असेल तर चिंता नको. इतक्यात अँटिबॉडी नाहीशा होत नाहीत. आजच रक्त द्या.

६. मग परत गहू खायचा? किती, आणि किती दिवस?

याला ग्लूटेन चॅलेंज म्हणतात आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं. सगळीकडे एकच ठरलेलं माप नाही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेचा सल्ला सोपा आहे: तपासणीआधी किमान ६ आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लूटेन असू द्या. कमीत कमी म्हणून रोज ३ ग्रॅम ग्लूटेन धरतात. पावाच्या एका स्लाइसमध्ये ते साधारण २ ग्रॅम असतं, तेव्हा प्रमाण दिसतं तितकं भयंकर नाही.

दोन आठवडे का पुरत नाहीत? सीलिॲक असलेल्या मोठ्या माणसांना रोज ३ ग्रॅम किंवा जास्त ग्लूटेन चौदा दिवस देऊन बघितलं, तेव्हा बहुतेकांच्या आतड्याच्या अस्तरात बदल दिसला, पण रक्तातल्या अँटिबॉडी चौदाव्या दिवशी जेमतेम हलल्या होत्या. ठळक वाढ अठ्ठाविसाव्या दिवशी दिसली, आणि तोवर ग्लूटेन बंद होऊन दोन आठवडे झाले होते! आतडं आधी, रक्त मागून. ज्यांना दोन आठवड्यांपलीकडे सहनच होत नाही त्यांची बायोप्सी तेव्हाच करून रक्त नंतर पुन्हा घेता येतं.

पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येतानाच्या वाढीच्या काळात चॅलेंज शक्यतो टाळतात. त्रासाच्या भीतीने चॅलेंज नकोच असेल तर प्रश्न १७ मधली जनुकांची तपासणी आधी करून बघा. काही जणांची सुटका तिथेच होते.

७. टोटल आयजीए कशाला? डॉक्टरांनी तर फक्त टीटीजी लिहिलंय.

टीटीजी-आयजीए ही आयजीए जातीच्या अँटिबॉडी मोजते. ज्याच्या शरीरात आयजीए बनतच नाही, त्याला कितीही सीलिॲक असला तरी आकडा शून्याच्या आसपासच येणार. जन्मतः आयजीए न बनणारे लोक एरवी काहीशे लोकांत एक सापडतात, पण सीलिॲकच्या रुग्णांत त्यांचं प्रमाण शंभरात दोन-तीन इतकं जास्त आहे. म्हणजे ज्यांना तपासणीची गरज आहे त्यांच्यातच ती फसण्याची शक्यता जास्त. टोटल आयजीए एकदा नॉर्मल आलं की पुढच्या वेळी पुन्हा करायची गरज नसते.

आधीच्या रिपोर्टमध्ये टीटीजी-आयजीए निगेटिव्ह आहे आणि टोटल आयजीए केलंच नव्हतं? तो रिपोर्ट अर्धवट समजा.

८. माझं टोटल आयजीए खूप कमी आलं. आता?

आता आयजीजी जातीच्या अँटिबॉडी मोजायच्या: टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी. तीन वर्षांवरच्या व्यक्तीत टोटल आयजीए ०.२ ग्रॅम प्रति लिटरहून कमी (म्हणजे २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून कमी) असेल तर हा मार्ग धरतात. लहान मुलांत आयजीए मुळातच कमी असतं, म्हणून त्यांचा आकडा मोठ्यांच्या रेंजशी लावून घाबरू नका, वयाप्रमाणे दिलेली रेंज बघा. टोटल आयजीए थोडंसंच कमी असेल, पण मोजता येण्याइतकं असेल, तर टीटीजी-आयजीए बहुधा काम देते.

आयजीजीच्या तपासण्या आयजीएइतक्या भरवशाच्या नाहीत. त्या पॉझिटिव्ह आल्या तर बायोप्सी करावीच लागते, दहापटीचा नियम (प्रश्न १०) इथे चालत नाही.

उलट टोकाची शंकाही येते: टोटल आयजीए नॉर्मल, टीटीजी-आयजीए निगेटिव्ह, आणि मोठ्या पॅनलमध्ये फक्त आयजीजीवाली एक पॉझिटिव्ह. अशा एकट्या पॉझिटिव्हला फारसं वजन नसतं. बहुतेकदा पुढे काही निघत नाही.

९. माझा आकडा ३८, मैत्रिणीचा १२०. तिचा आजार माझ्यापेक्षा जास्त आहे का?

हे दोन आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. टीटीजीला जगभर एकच असं प्रमाणित माप नाही. प्रत्येक किट बनवणाऱ्याची स्वतःची युनिट्स आणि नॉर्मलची स्वतःची वरची मर्यादा. एका किटची मर्यादा ४, दुसऱ्याची १०, तिसऱ्याची २० असते. मर्यादा ४ असेल तर ३८ म्हणजे साडेनऊपट. मर्यादा २० असेल तर १२० म्हणजे फक्त सहापट. म्हणजे तुमचाच आकडा मोठा निघाला.

म्हणून सवय लावून घ्या: आकड्याला शेजारच्या वरच्या मर्यादेने भागा आणि 'किती पट' ते लक्षात ठेवा. पट जास्त तितकी आतड्याचं अस्तर खराब असण्याची शक्यता जास्त, हे खरं. लक्षणांचा मात्र आकड्याशी असा सरळ संबंध नाही. प्रचंड आकडा आणि तक्रार शून्य अशी माणसं असतात.

'२०० पेक्षा जास्त' असं छापून आलं तर मशीनच्या मोजपट्टीचं टोक ओलांडलं, एवढाच त्याचा अर्थ.

१०. मुलाचा आकडा दहापट आहे. बायोप्सीशिवाय निदान होतं असं ऐकलं, खरं का?

खरं आहे, अटींसह. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०१२ साली हा मार्ग खुला केला आणि २०२० मध्ये तो आणखी सोपा केला. टीटीजी-आयजीए वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त हवी, आणि दुसऱ्यांदा वेगळं काढलेल्या रक्तात ईएमए-आयजीए पॉझिटिव्ह यायला हवी. २०१२ च्या नियमांत जनुकांची तपासणी आणि लक्षणं असण्याचीही अट होती, २०२० मध्ये त्या दोन्ही गेल्या.

वेगळ्या रक्ताचा आग्रह उगाच नाही. ट्यूबवरचं लेबल चुकणं, सॅम्पलची अदलाबदल, या गोष्टी कोणत्याही लॅबमध्ये घडू शकतात, आणि एका चुकीच्या ट्यूबवर मुलाचं जन्मभराचं खाणं ठरवायचं नसतं. त्याच ट्यूबमधल्या उरलेल्या रक्तावर ईएमए केली तर ती अट पुरी होत नाही. हे नेमकं विसरलं जातं.

दहापटीच्या खाली, नऊपट असली तरी, बायोप्सी.

११. हाच नियम मोठ्या माणसांना का लावत नाहीत?

लावायला सुरुवात झाली आहे, पण जपून. मोठ्या माणसांत अजूनही दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तुकडे घेणं हाच पक्का मार्ग मानतात. या वयात त्याच लक्षणांमागे दुसरं काही असू शकतं आणि दुर्बिणीत ते दिसतं, हे एक कारण. करोनाच्या काळात दुर्बिणीच्या तपासण्या ठप्प झाल्या तेव्हा ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी ५५ वर्षांखालच्या निवडक रुग्णांना दहापटीचा नियम तात्पुरता लागू केला. अमेरिकेतल्या २०२३ च्या शिफारशींत, ज्यांना दुर्बीण करता येत नाही किंवा करायची नाही अशा लक्षणं असलेल्या प्रौढांना याच आधारावर 'बहुधा सीलिॲक' म्हणायला मुभा आहे. 'बहुधा' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक ठेवलाय.

बायोप्सीला जाल तेव्हा किती तुकडे घेणार ते विचारायला लाजू नका. खराबी ठिगळाठिगळांनी असते, म्हणून आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि पुढून किमान चार घ्यावेत असं सांगतात. एकाच तुकड्यावरचं 'नॉर्मल' फारसं समाधान देत नाही.

१२. आकडा मर्यादेच्या जरासाच वर आहे. मला सीलिॲक झाला का?

कदाचित. साधा हिशेब मांडून बघा. समजा कुठल्याही लक्षणांशिवाय सरसकट १००० जणांची टीटीजी केली. त्यात खरे रुग्ण १०, ते सगळे सापडले असं धरू. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी शंभरात तिघांना तपासणी चुकून पॉझिटिव्ह दाखवते असं समजलं, तर असे सुमारे ३० निघतात. एकूण पॉझिटिव्ह ४०, खरे फक्त १०. तपासणी वाईट नाही, आजारच विरळ आहे. लक्षणं, ॲनिमिया किंवा घरात रुग्ण असेल तर हे पारडं झपाट्याने दुसऱ्या बाजूला झुकतं.

हे खोटे पॉझिटिव्ह जवळजवळ सगळे कमी पटीचे असतात. यकृताचे जुनाट आजार, इतर ऑटोइम्यून आजार, एखादा जंतुसंसर्ग, अशा कारणांनी आकडा थोडा वर जातो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांत तर किंचित वाढलेला आकडा गहू चालू असतानाच आपोआप खाली आल्याचंही दिसतं. अशा वेळी ईएमए करावी, किंवा गहू चालू ठेवून काही महिन्यांनी टीटीजी पुन्हा. 'बॉर्डरलाइन' या शब्दावर पथ्य सुरू करणं हा सर्वांत वाईट पर्याय. का, ते प्रश्न ५ मध्ये आलंच आहे.

१३. रिपोर्ट निगेटिव्ह, पण त्रास तसाच. निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह ना?

आधी तीन गोष्टी तपासा: रक्त देताना गहू पुरेसा खाण्यात होता का, टोटल आयजीए केलं होतं का, आणि प्रश्न ४ मधली औषधं चालू होती का. तिन्हींचं उत्तर समाधानकारक असेल तर सीलिॲकची शक्यता बरीच कमी होते. शून्य होत नाही. थोड्या रुग्णांत अस्तर खराब असूनही अँटिबॉडी रक्तात सापडत नाहीत. त्रास जोरदार असेल, वजन घटत असेल, तर निगेटिव्ह रिपोर्ट असूनही बायोप्सी करणं योग्य.

पण अँटिबॉडी निगेटिव्ह आणि रसांकुर सपाट, या जोडीला लगेच सीलिॲक म्हणून मोकळं होऊ नये. जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, ट्रॉपिकल स्प्रू, प्रतिकारशक्तीचे काही आजार, इतकंच काय रक्तदाबावरचं ओल्मेसार्टन हे औषधही अस्तराची अगदी अशीच दशा करू शकतं. त्यातल्या शेवटच्यावर उपाय म्हणजे औषध बदलणं, गव्हाचा त्यात काही दोष नाही.

१४. रक्त पॉझिटिव्ह, ईएमएसुद्धा पॉझिटिव्ह, पण बायोप्सी नॉर्मल. कोणाचं खरं मानायचं?

दोघांचंही खरं असू शकतं. याला पोटेन्शियल सीलिॲक म्हणतात. भांडण सुरू झालंय, पडझड अजून झालेली नाही. आधी तुकडे पुरेसे होते का (प्रश्न ११), ते दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवले का, आणि बायोप्सीआधी गहू बंद तर केला नव्हता, हे बघतात. तरीही नॉर्मलच असेल तर लक्षणं असलेल्यांना बरेच डॉक्टर पथ्य सुचवतात, लक्षणं नसलेल्यांना गहू चालू ठेवून नियमित तपासण्यांवर ठेवतात. काहींची अँटिबॉडी पुढे आपणहून मावळते, काहींचं अस्तर काही वर्षांत खराब होतं.

१५. बाळ दीड वर्षाचं आहे. इतक्या लहान वयात तपासणीवर भरवसा ठेवता येतो का?

दोन वर्षांखाली सोबत डीजीपी करायची पद्धत होती. आता या वयातही टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए हीच पहिली जोडी धरतात. बाळाच्या आहारात ग्लूटेन येऊन काही महिने झालेले हवेत, हे मात्र बघा. जे अजून खाल्लंच नाही त्याविरुद्ध अँटिबॉडी कुठून येणार?

१६. कोपर आणि गुडघ्यांवर खूप खाजणारे फोड आहेत. त्वचेच्या डॉक्टरांनी सीलिॲकची तपासणी का सांगितली?

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा सीलिॲकचाच त्वचेवरचा अवतार. यात मुख्य लक्ष्य ट्रान्सग्लुटामिनेजचा त्वचेतला भाऊबंद असतो, म्हणून नेहमीची टीटीजी काही रुग्णांत निगेटिव्ह राहते. निदान ठरतं ते त्वचेच्या बायोप्सीवर. तुकडा फोडातून न घेता त्याला लागून असलेल्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून घ्यायचा असतो, कारण आयजीएचे कण तिथे नीट दिसतात. फोडातूनच तुकडा घेतला आणि 'काही नाही' असं आलं, तर पुन्हा विचारा.

१७. जनुकांची तपासणी केली, डीक्यू२ पॉझिटिव्ह आलं. म्हणजे सीलिॲक नक्की ना?

नाही. डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं कित्येक लोकसमूहांत ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या अगदी थोड्यांना हा आजार होतो. या तपासणीचं बळ नकारात आहे. दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ बाद. पथ्याने जनुकं बदलत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं गहू न खाणाऱ्यालाही ती करता येते.

१८. गव्हाच्या ॲलर्जीची टेस्ट निगेटिव्ह आली. मग सीलिॲक नाही असंच ना?

दोन वेगळे आजार, दोन वेगळ्या अँटिबॉडी. ॲलर्जीत आयजीई बघतात, सीलिॲकमध्ये आयजीए. एकीवरून दुसऱ्याबद्दल काहीही सांगता येत नाही. 'फूड इनटॉलरन्स' नावाने शेकडो पदार्थांविरुद्धचं आयजीजी मोजणारी पॅनल मिळतात, त्यांचा सीलिॲकच्या निदानाशी संबंध नाही. केस, लाळ किंवा शौचातून सीलिॲक ओळखण्याचे दावेही सोडून द्या.

१९. जुन्या फाइलमध्ये 'अँटी-ग्लायडिन पॉझिटिव्ह' आहे. तो चालेल का?

निदानासाठी नाही. ही डीजीपीच्या आधीची पिढी. निरोगी लोकांतही ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते, म्हणून वापरातून गेली. नावं सारखी असल्याने गोंधळ होतो: 'डीअमिडेटेड' हा शब्द पुढे असेल तर ती नवी, नुसतं ग्लायडिन असेल तर जुनी. केवळ तिच्या आधारावर कोणी पथ्य पाळत असेल तर प्रश्न ५, ६ आणि १७ वाचून डॉक्टरांशी बोला.

२०. बोट टोचून घरी करायची किट चालते का?

चाळणी म्हणून ठीक. पॉझिटिव्ह आली तरी लॅबमधली टीटीजी करावीच लागते, कारण किट 'किती पट' सांगत नाही. निगेटिव्ह आली आणि संशय असेल तरीही लॅबच.

२१. मला निदान झालं. भावंडं, मुलं, आई-वडील, सगळ्यांनी करायची का?

हो, त्रास नसला तरी. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार शंभरात सात-आठ जणांना सापडतो. एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे कायमचं सुटलो असं नाही, तो कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. मुलांची तपासणी दर दोन-तीन वर्षांनी आणि मध्ये लक्षणं दिसली तर लगेच करतात. ज्यांच्यात डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नाहीत त्यांना या फेऱ्यांतून सूट. आणि कृपा करून, तुमच्यासाठी घरातला गहू बंद झाला असेल तर त्यांनी रक्त देण्याआधी ते बाहेर गहू खातात ना, याची खात्री करा.

२२. गरोदरपणात ही तपासणी चालते का?

चालते, आकडेही नेहमीसारखेच वाचायचे. दुर्बीण तातडीची नसेल तर बाळंतपणानंतर करायची का, हे डॉक्टर ठरवतील.

२३. पथ्य सुरू करून सहा महिने झाले. आकडा अर्धा झालाय, नॉर्मल नाही. काही चुकतंय का?

बहुधा नाही. दिशा बघा, ती खाली आहे. सुरुवातीला दहा-वीसपट असलेल्यांना नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, मुलं सहसा लवकर खाली येतात. साधारण सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग वर्षातून एकदा तपासतात. दर महिन्याला रक्त देऊन हाती काही लागत नाही.

काळजी कशाची करायची? आकडा एका पातळीवर अडकला किंवा खाली येऊन परत चढला, तर. तेव्हा कुठून तरी ग्लूटेन पोटात जातंय, बऱ्याचदा नकळत: सामायिक पीठ, सॉस, एखाद्या गोळीचं आवरण. पण चढला असं म्हणण्याआधी दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे, एकाच किटवरचे आहेत का ते बघा. लॅब बदलल्याने १२ चे ४५ होतात आणि पट तीच राहते (प्रश्न ९), आणि तेवढ्यावर घरात 'चोरून काय खाल्लंस' असे वाद होतात.

२४. आता टीटीजी पूर्ण नॉर्मल आली. आतडं बरं झालं ना? थोडा गहू सुरू करू?

पहिल्याचं उत्तर 'कदाचित', दुसऱ्याचं 'नाही'. पथ्यावर असूनही ज्यांचं अस्तर अजून खराब आहे, त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांच्याच रक्तात टीटीजी वाढलेली दिसते. म्हणजे वाढलेला आकडा काहीतरी सांगतो, नॉर्मल आकडा हमी देत नाही. नॉर्मल आकडा असूनही ॲनिमिया किंवा जुलाब हटत नसतील तर पुन्हा बायोप्सीचा विचार होतो.

आणि आकडा नॉर्मल आलाय तो पथ्यामुळे. ज्या पेशी ग्लूटेनला ओळखतात त्या शरीरात तशाच राहतात. गहू सुरू केल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना काहीच होत नाही, रक्तही शांत असतं, आणि त्यामुळेच 'माझा बरा झाला' अशी समजूत होते. प्रश्न ६ मधला क्रम आठवा: आतडं आधी, रक्त मागून.